पान दोन अडकलंय

पान १

शिवणाच्या दुकानाची किल्ली पर्समध्ये टाकून ती लेकीच्या ऑफिसात निघाली आणि रस्ताभर बोलायचं काय ते घोकत आली. बोलायचं एवढंच होतं: मने, माझे हात आता थरथरतात, सुईत दोरा ओवायला गिऱ्हाइकाची विनवणी करावी लागते. ही तारा खुपसायची नोकरी सोड आणि दुकान सांभाळ.

आजच सांगायला हवं होतं, कारण संध्याकाळी जाऊबाईंना शब्द द्यायचा होता. जाऊबाईंना दुकान हवंच होतं, आणि हवं ते मागून घेण्यात त्यांनी जन्मात कधी लाज बाळगली नव्हती.

मनी कॉम्प्युटर विभागात होती. म्हणजे काय करते, असं कुणी विचारलं की आई सांगे, लोकांचं बिघडतं ते नीट करते. आणि मनात म्हणे, म्हणजे लोकांची बोलणी खाते.

मनीने तिला प्रिंटरशेजारच्या खुर्चीवर बसवलं, जेवणाच्या सुट्टीत खाली जाऊन निवांत बोलू म्हणाली. एवढ्यात मजल्यावर एकच गलका झाला. कुणाचेच कागद छापून येईनात.

पान ३
(पान २ अडकलं आहे. सुटलं की येईल.)

प्रिंटर एक आणि कॉम्प्युटर मजलाभर. सगळ्यांचे कागद त्याच एका यंत्रातून निघायचे, त्यामुळे ते रुसलं की सगळं घरच उपाशी.

हिशेब बघणाऱ्या बाईंना ऑफिसात घाईबाई म्हणत. त्यांनी छपाईचं बटण दाबलं, काही आलं नाही, म्हणून पुन्हा दाबलं. काही आलं नाही, म्हणून पुन्हा दाबलं. काही आलं नाही, म्हणून पुन्हा दाबलं. खिडकीजवळच्या गृहस्थाने तर आपल्या कॉम्प्युटरवरून प्रिंटर काढून नव्याने जोडला, मग आणखी एकदा जोडला. आता त्याच्या पडद्यावर एकाच नावाचे प्रिंटर सख्ख्या भावंडांसारखे ओळीने उभे होते, आणि एकही तोंड उघडत नव्हता.

हेडक्लार्कांचा पारा सकाळपासूनच चढलेला. ते सरळ मनीच्या टेबलाशी आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "मॅडम, छपाई बंद ठेवण्याबद्दल तुम्हाला वेगळा भत्ता मिळतो का?"

आईने पर्स घट्ट आवळली. आता ही रडेल, नाहीतर भांडेल. दोन्हीला आपलीच फूस आहे, असं लोक म्हणतील.

मनी उठली. "आधी सगळ्यांनी हात वर करा बघू," ती म्हणाली. "पोलीस आल्यासारखे. मी सांगेपर्यंत कुणी काही दाबायचं नाही."

लोक हसले, पण हात खरंच वर गेले. घाईबाईंचेसुद्धा.

आई खुर्चीत पुढे सरकली. हे तिला ओळखीचं होतं. दोरा गुंतला की शिकाऊ पोरगी तो ओढत सुटते आणि गाठ आवळते. जाणती बाई आधी मशीनवरचा पाय थांबवते.

शेवटचा कागद कुणाला मिळाला, हे मनीने विचारून घेतलं. प्रिंटरपाशी येऊन त्याच्याच बटणांनी त्याच्याकडून एक नमुना छापून घेतला. छान निघाला. म्हणजे यंत्र ठणठणीत. मग जागेवर जाऊन तिने कॉम्प्युटरवरून प्रिंटरला हाक मारली, त्याने ओ दिली. म्हणजे वाटही मोकळी. प्रत्येक वेळी ती एका गोष्टीवरचा आळ काढत होती, आणि ज्याच्यावरचा आळ काढला त्याला पुन्हा हात लावत नव्हती.

उरला फक्त प्रिंटरजवळच्या कोपऱ्यातला कॉम्प्युटर. सगळ्यांचे कागद आधी त्याच्याकडे येत आणि तिथून रांगेने छपाईला जात. मनी त्याच्यासमोर बसली, आईच्या खुर्चीला अगदी लागून.

पान ४

पडद्यावर रांग दिसत होती. घाईबाई, घाईबाई, घाईबाई, मध्ये खिडकीवाले, परत घाईबाई. आणि सगळ्यांच्या पुढे, दारात अडकलेल्या कपाटासारखी, एकच प्रचंड फाइल. आईने चष्मा नाकावर ढकलून वाचलं. फाइलचं नाव होतं "पोपट हरवला मोठा". पाठवणारे: हेडक्लार्क.

आईच्या जिभेच्या टोकाशी शब्द आले. आता ओरड ना, मने. सांग सगळ्यांना, कोण कुणाचा खोळंबा करतंय ते.

मनीने रांग रिकामी केली, कॉम्प्युटरची छपाईची यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू केली, खिडकीवाल्यांच्या टेबलाशी जाऊन त्यांची जादा भावंडं घरी पाठवली. मग एकेकाला सांगितलं: आता आपापला कागद पाठवा, एकदाच. घाईबाई, तुम्ही सगळ्यात शेवटी.

कागद येऊ लागले. घाईबाईंनी विचारलंच, अडलं होतं तरी काय. एक फाइल फार मोठी होती, मशीनच्या घशात अडकली, मनीने सांगितलं.

"कुणाची होती?"

"काढून टाकली मी. कामाच्या घाईत नावं कोण बघतंय?"

हेडक्लार्क तेव्हा स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

पान २
(सुटलं.)

दुकानात एकदा ओळखीतली एक मुलगी तिच्या आईबरोबर माप द्यायला आली होती. टेप कमरेभोवती फिरला आणि मनीच्या आईच्या बोटांना जे कळायचं ते कळलं. मुलीच्या आईला अजून कळलेलं नव्हतं. मुलीचे डोळे आरशातून शिंपिणीकडे लागलेले. मनीच्या आईने खडू कानामागे खोचला आणि म्हणाली, यंदा सैल कपडे फार चालतात हो, सैलच शिवते.

मनी तेव्हा मेजाखाली बसून टाचण्या वेचत होती. तिला काय कळलं असेल, असं आईला इतकी वर्षं वाटत आलं होतं.

पान ५

सुट्टीत मजला रिकामा झाला. हेडक्लार्क मात्र डबा न उघडता बसून होते. मनी त्यांच्या कॉम्प्युटरपाशी गेली, हळू आवाजात काहीतरी बोलली, चित्र लहान केलं. आईशेजारचा प्रिंटर घरघरला आणि पहिला कागद तिच्या हातात आला. प्रिंटर होता नुसता काळ्या शाईचा. पोपट करडा निघाला होता, थेट पारव्यासारखा, आणि खाली ठळक अक्षरात लिहिलेलं: रंग हिरवा.

आईने हसू गिळलं. मनीने सगळे कागद गोळा केले, पालथे घातले आणि हेडक्लार्कांच्या टेबलावर ठेवले.

"पिंजऱ्याचं दार माझ्याकडूनच उघडं राहिलं," ते म्हणाले. "घरात कुणी बोलत नाही माझ्याशी. तोच बोलायचा."

"रंग लिहिलात ते बरं केलंत, साहेब," मनी म्हणाली.

जिना उतरताना मनीने विचारलं, तू काहीतरी बोलणार होतीस ना. आईचा हात पर्समधल्या किल्लीवर होता. गेल्या कित्येक दिवसांत तो पहिल्यांदाच स्थिर होता, किंवा तिला तसं वाटलं.

"सुईत दोरा ओवून दे म्हणणार होते," ती म्हणाली. "रविवारी येशील तेव्हा ओव. दहा-बारा सुया एकदमच ओवून ठेव, म्हणजे मला पुरतील."

मनीला कामावर परत पाठवून तिने रस्त्याच्या कडेला उभं राहून जाऊबाईंना फोन लावला. दुकान तुम्ही घ्या, म्हणाली. जाऊबाईंना आनंद लपवता आला नाही. मग त्यांनी उगाच हळहळून विचारलं, मनी नाही म्हणाली का हो?

"विचारलंच नाही. तिचं शिवण बघून आले."

जाऊबाईंनी दोनदा विचारलं, किल्ली कधी देताय. मग, "अहो, ऐकताय ना?"

"ऐकतेय हो," आई म्हणाली. "जरा झाडाकडे बघत होते. हिरव्यात हिरवं कुठे सापडतंय का, म्हटलं."