दम्माम ते हैदराबाद, चार तास वीस मिनिटं

देगलूरच्या बसस्टँडसमोर माझं तिकिटांचं दुकान आहे. अठरा वर्षं गल्फला जाणाऱ्या पोरांची विमानाची तिकिटं काढून देतोय, म्हणून लोकांना वाटतं या धंद्यातलं मला सगळं कळतं. मलाही तसंच वाटायचं.

त्या दिवशी शेजारचे पाशामियाँ, शिलाई मशीन दुरुस्त करणारे, पहाटेची फजरची नमाज पढून ओसरीवर टेकले ते उठलेच नाहीत. मी धावत गेलो. त्यांच्या बायकोनं, बानोभाभींनी, रडणं अर्ध्यावर थांबवून मलाच विचारलं, "वीरेशभाऊ, जुबेर दम्मामहून किती वेळात यील?" त्यांची एक मुलगी लग्नाची, आणि जुबेर हा एकुलता एक लेक, सौदीत कामाला. तीन वर्षांत घरी आला नव्हता.

मी मोबाईलवर पाहिलं आणि ऐटीत वाचून दाखवलं, "हैदराबादपर्यंत तीन हजार शंभर किलोमीटर. चार तास वीस मिनिटं."

मयतीच्या घरी अशी अक्कल पाजळायची काय गरज होती मला!

"चार तास? मंग बापाचं तोंड बघितल्याबिगर मिट्टी न्हाई," भाभी म्हणाल्या. दुपारचा जनाजा मौलानांनी उन्हं कलल्यावरच्या असरच्या नमाजेवर ढकलला. मयत ताटकळत ठेवणं त्यांच्यात बरं मानत नाहीत, तरी कुणी ब्र काढला नाही.

पण विमानाला लागतात चार तास, माणसाला नव्हे. जुबेरला मी फोनवर कळवलं होतं, पण सुट्टीच्या कागदावर तिथल्या मालकाची सही झाल्याशिवाय देशाबाहेर पाय निघत नाही. थेट विमान त्या दिवसाचं निघून गेलेलं. हैदराबादहून देगलूर आणखी पाच तास. हे सांगायला मी तीनदा तोंड उघडलं. भाभी दर वेळी बर्फ बदलायला सांगत होत्या. मला धीरच झाला नाही.

असर झाली. "बस, आता थांबवणं ठीक न्हाई," मौलाना हळूच म्हणाले. भाभींनी नवऱ्याच्या चेहऱ्यावर स्वतः कफन ओढलं.

कब्रस्तानातून परतताना, हाताची माती धुवायच्या आत, जुबेरचा फोन आला.

"चाचा, सही झाली! उद्याच्या विमानाचं तिकीट काढा. अब्बाला तवर ठेवा."

"झालं रे बाबा. आत्ताच."

मग तो म्हणाला, "लई मुश्किलीनं सुट्टी मिळाली हाय. आता येऊन कुणाचं तोंड बघू? बहिणीच्या शादीला ठेवतो. तिकीट ऱ्हाऊ द्या. अम्मीला तुमीच सांगा, माझ्यानं न्हाई व्हायचं."

मी भाभींकडे गेलो. त्यांच्या घरी चूल पेटली नव्हती, शेजारून खिचडी आली होती. त्यातली एका ताटात काढून त्यांनी झाकून ठेवली होती.

"जुबेर वाटंला लागला का, भाऊ?"

"हाव," मी म्हणालो.