पेल्यावर चमचा

"आई, बाबांना दे फोन. मोजमाप आलंय," लेक तिच्या प्रयोगशाळेतून म्हणाली. मी फोन पुढे केला, तर हे हात पाठीमागे बांधून उभे.

"तिला म्हणावं, आकडा सांगू नकोस. आधी मी पुन्हा करून बघतो."

"अहो, जन्मभर वाट पाहिलीत आणि आता नको?"

"आमचं चुकलं असेल तर ते मला यंत्राकडून नको कळायला. पद्धत ती पद्धत."

ही पद्धत यांची आणि माझ्या थोरल्या भावाची, अण्णांची. दोघं एकाच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या घरी गणित मांडून बसायचे. हे पुढच्या खोलीत, अण्णा मागच्या, मधलं दार बंद. एकाची चूक दुसऱ्याला लागू नये म्हणून. मला चहा न्यायची मुभा होती, निरोप न्यायची नव्हती. ज्याचं उत्तर आलं त्यानं पेल्यावर चमचा वाजवायचा. दुसऱ्याचाही वाजला की मगच दार उघडायचं आणि दोघांचे कागद एकदम टेबलावर. एकदा अण्णांचं वजाचं चिन्ह कुठंतरी सांडलं, तर आठवडाभर दोघं एकमेकांशी धड बोलले नाहीत.

त्यांच्या सगळ्यात मोठ्या गणिताचं सार अण्णांनी मला कपबशा पुसता पुसता सांगितलं होतं. एक जड कण असतो. जन्मतो न जन्मतो तोच मोडतो, तेही दोन तऱ्हांनी. "एका तऱ्हेचा वेग मोजला की दुसरीचा न मोजता सांगता येतो. बरोबर निम्मा."

"त्यात काय एवढं? यांना किती राग आलाय ते बघून तुला किती येणार, हे मीसुद्धा सांगते."

अण्णा इतके हसले की बशी हातातून सुटली.

पण ती दुसरी तऱ्हा फार दुर्मीळ, तेव्हाच्या यंत्रांना सापडायची नाही. "सापडेल गं," अण्णा म्हणत राहिले आणि गेल्या वर्षी गेले. मला त्यांची फार आठवण येते. घरात दोन माणसं असून चिडीचूप असायची, त्या दुपारींची तर जास्तच.

लेकीला थांबायला सांगून हे पुढच्या खोलीत बसले. मधलं दार लावून घेतलं. मी चहा ठेवून आले, यांनी मान वर केली नाही. उन्हं कलली तेव्हा आतून चमचा वाजला.

मग काहीच नाही. दार उघडेना. गणित तर झालेलं होतं. हे कशाची वाट बघतायत ते माझ्या लक्षात आलं. मी मागच्या खोलीत गेले, अण्णांच्या खुर्चीत बसले आणि पेल्यावर चमचा वाजवला.

दार उघडलं. हे कागद घेऊन दारात उभे होते. माझ्यासमोर नुसतं टेबल.

"तुझं काय आलं?" यांनी विचारलं.

"निम्मं."

"माझंही."

मग यांनी स्वतः लेकीला फोन लावला. "हं, सांग आता."

"निम्म्याच्या अगदी जवळ, बाबा. जो काही फरक आहे तो मोजण्यातला. तुमचं दोघांचं बरोबर होतं."

यांनी फोन ठेवला. नंतर तो कागद यांनी अण्णांच्या जागी ठेवला, वर पेला ठेवला आणि पुढच्या खोलीत गेले. जाताना मधलं दार उघडंच ठेवलं.