शिडाची फळी

दसऱ्याला मधुसूदन समुद्रात शिलंगण करणार, हे चिंचवडच्या त्यांच्या कॉलनीत गणपतीपासूनच ठरलं होतं. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांना झेंडूचे हार पडले, तेव्हा फायबरच्या खात्यात मधुसूदनबरोबर काम करणाऱ्या ज्योतीरामने एक हार जास्तीचा आणला आणि शिडाच्या फळीला घातला. फळी त्या दोघांनी रविवार घालवून केलेली. तंबूच्या कापडाचं शीड शिवलं होतं मधुसूदनच्या बायकोने, सुमेधाने.

पवना धरणावर मधुसूदन फळीवर उभा राहून, शिडाचा दांडा कवेत घेऊन पाणी कापत निघाला, की काठावरचे गुराखीही उठून बघत. सुमेधा शाळेत विज्ञान शिकवायची, म्हणून वारा मोजायचं काम तिच्याकडे. सायकलच्या आसावर चार वाट्या बसवून तिने वारामापक केला होता. वारा चढला की धरणात लाटा उठत, पडला की पाणी गप्प. वाट्या किती वेगाने फिरेपर्यंत उतरायचं, याची हद्द तिनेच घालून दिली होती. मधुसूदनने ती कधी मोडली नव्हती.

दसऱ्याला कॉलनीच्या माणसांना घेऊन टेंपो श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर पोचला तेव्हा लख्ख ऊन होतं. सुमेधाने वाळूत वारामापकाची काठी रोवली. वाट्या रमतगमत फिरत होत्या.

"हद्दीच्या पुष्कळ आत आहे," ती म्हणाली. "जायला हरकत नाही."

लाटा मात्र मोठ्या होत्या. दूरवर एक करडी, लांबलचक घडी दिसायची, आवाज न करता जवळ यायची, दोन पुरुष उंच उभी राहायची आणि कोसळली की पायाखालची वाळू हादरायची. अशा काही येऊन गेल्या की पुढे बराच वेळ काही नाही. त्या उसंतीत सगळ्यांना धीर यायचा.

मधुसूदन गुडघ्यांना मिठी घालून वाळूत बसला आणि बघत राहिला. शहाळी झाली, डबे उघडले, तरी तो बसलेलाच.

"मधूभाऊ, मुहूर्त बघताय व्हय?" मोशी गावच्या ज्योतीरामला दम धरवेना.

"लाटा बघतोय."

"वारा न्हाई, वादळ न्हाई. आन तिकडं बघा, मधी सपाट पट्टा हाय. धरणासारखं पाणी. तिथनं घुसायचं."

"आमच्या ह्यांनी कॅमेऱ्यात नवा रोल घातलाय हो," शेजारच्या प्रभावतीकाकू म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत काय समुद्राचेच फोटो काढायचे?"

मधुसूदन उठला. ज्योतीरामच्या हातातलं रिकामं शहाळं घेऊन कमरेएवढ्या पाण्यापर्यंत गेला आणि ते त्या सपाट पट्ट्यात भिरकावलं. शहाळं किनाऱ्याकडे आलं नाही. कुणीतरी दोरीने ओढावं तसं सरळ आत चाललं. मग एक घडी उभी राहिली, कोसळली, आणि शहाळं पुन्हा दिसलं नाही.

सुमेधा वाट्यांकडे बघत होती. त्या तशाच रमतगमत फिरत होत्या. सकाळी टेंपोतल्या रेडिओवर गुजरातच्या बाजूला खोल समुद्रात वादळ असल्याचं सांगितलं होतं. गुजरात लांब आहे, असं सगळेच म्हणाले होते, तीही. पाणी जागच्या जागी वरखाली होतं आणि पुढे जाते ती ऊर्जा, हे ती दरवर्षी फळ्यावर लाट काढून शिकवायची. वारा तिथेच राहिला होता. त्याच्या लाटा इथवर आल्या होत्या. आणि ती नवऱ्याला म्हणाली होती, हरकत नाही.

मधुसूदन निथळत परत आला.

"अहो, मी नुसता वारा मोजला," ती हळूच म्हणाली.

"बरोबर मोजलास. वारा नाही, म्हणूनच जायचं नाही." तो ज्योतीरामकडे वळला. "दोन लाटांच्या मधे खाली उतरलो की समोरची लाटेची भिंत आहे तेवढा वाराही अडवणार. शीड लुळं पडणार. मग मी फळीवर नुसता उभा, आणि ती वरून येणार. परत यावं तर हे सपाट पाणी आत ओढतंय."

"आज शिलंगण हाय, मधूभाऊ. कॉलनीची माणसं आल्यात. भ्यालात म्हनतील."

"भ्यालोच आहे," मधुसूदन म्हणाला. कुणी किती वाजले विचारावं आणि आपण सांगावं, इतक्या साधेपणाने.



मधुसूदनने शिडाची गाठ सोडली, कापड झटकून वाळू काढली आणि नीट घडी घातली. धरणावरून परतताना घालायचा तशीच. सुमेधाने त्याला वाऱ्यावर झुकलेला, पाणी कापत जाताना कितीदा पाहिला होता. पण आज कोरड्या शिडाची घडी घालणाऱ्या या माणसाकडे ती जशी बघत राहिली, तशी त्या दिवसांतही राहिली नव्हती. पिशवीतलं आपट्याचं पहिलं पान तिने त्याच्या ओल्या हातात ठेवलं.

प्रभावतीकाकूंनी नवऱ्याला कोपराने डिवचलं. "काढा की आता फोटो."

फळी टेंपोत चढवून ज्योतीरामने दोर आवळला. मग तो परत वाळूत आला आणि मधुसूदन बसला होता तिथेच, गुडघ्यांना मिठी घालून बसला. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"थांब की," ज्योतीराम मागे न बघता म्हणाला. "मोठ्या लाटा यायच्या हायेत अजून."