आरामाचं घर

दार उघडून आत पाऊल टाकलं आणि ऑपरेटरबाईंच्या तोंडावर ओला, गारगार पाला बसला. हाताने तो बाजूला सारायला गेल्या, तर वरून टांगलेली कुंडी झोका घेऊन कपाळावर आदळली.

“सरप्राइज!” मागून मुलगा ओरडला.

बाईंना दिसत नव्हतं. एका मोठ्या कचेरीचा टेलिफोन बोर्ड सांभाळता सांभाळता ऐन चाळिशीत त्यांची नजर गेली, तरी निवृत्त होईपर्यंत त्यांनी तो बोर्ड बोटांनी आणि कानांनी चालवला. नवरा गेल्यावरही याच दोन खोल्यांत त्या एकट्या राहिल्या आणि कुणाला एक पेला पाणी मागितलं नाही. आख्ख्या गल्लीला हे ठाऊक होतं. पोटच्या मुलाला ते सांगावं लागू नये. त्याला लहानपणापासून सोन्या म्हणत. आता डोक्यावरचे केस विरळ झाले तरी सोन्याच म्हणत, आणि तोही बिनदिक्कत ओ देत असे.

महिनाभर बाई बहिणीकडे राहायला गेल्या होत्या. तेवढ्यात सोन्या आणि सून या दोघांनी मिळून हा उद्योग केला होता.

“आई, आत या ना,” सून लाडाने म्हणाली. “ट्रॉपिकल स्टाइल केलंय सगळं. समुद्रकाठच्या हॉटेलात कसं एकदम निवांत वाटतं, तसं. भिंतीवर केळीच्या पानांचा वॉलपेपर, वेताच्या खुर्च्या, बांबूचे पडदे. आणि सगळीकडे हिरवा रंग. हिरव्या रंगाने डोळ्यांना किती आराम मिळतो!”

“कुणाच्या?” बाईंनी विचारलं.



बाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या आणि सवयीने कान लावला. या घरात शिरलं की डावीकडे फ्रिज घुरघुरायचा, समोरच्या भिंतीवर घड्याळ टिकटिकायचं, आणि या दोन आवाजांच्या मधून सरळ गेलं की स्वयंपाकघर. एवढं सोपं होतं. आज घड्याळ नव्हतं. फ्रिज ऐकू येत नव्हता. खोलीभर पाण्याची खळखळ चालली होती, जणू कुणी नळ उघडा टाकून गावाला गेलं होतं.

“हे काय वाहतंय?”

“कारंजं!” सोन्या म्हणाला. “विजेवर चालतं. गोटे लावलेत खाली. ऐकत बसलं की मन शांत होतं म्हणे.”

“आणि माझं घड्याळ?”

“ते फार टिकटिक करायचं गं. नवीन लावलंय, अजिबात आवाज नाही त्याला.”

आवाज नसलेलं घड्याळ. आंधळीच्या घरात. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सून परक्याची पोर, कौतुकाने राबली असेल, म्हणून त्यांनी राग गिळला आणि भिंतीला हात लावून पुढे निघाल्या. भिंत हाताला खरखरीत लागली. पूर्वी हात सरकवत गेलं की बटणांची पट्टी लागायची, मग कपाटाची कड. आता बांबूचा पडदा लागला, तो खडखडला, आणि कपाट आलंच नाही.

स्वयंपाकघरात तर कहर होता. बाईंच्या डब्यांना रबरबँड असायचे. मिठाच्या डब्याला एक, साखरेच्या डब्याला दोन, तिखटाला दोरा. ते डबे गेले होते. त्यांच्या जागी बांबूच्या झाकणांच्या काचेच्या बरण्या ओळीने उभ्या होत्या, सगळ्या एकाच मापाच्या.

“प्रत्येकीवर नाव लिहिलंय हं,” सून दारातून म्हणाली, पण तिचा आवाज आता खाली आला होता. “मोठ्या अक्षरात.”

बाईंनी एका बरणीवर बोट फिरवलं. गुळगुळीत कागद. “छान,” त्या म्हणाल्या. “चहात मीठ पडलं की वाचून दाखवायला येशील?”

त्या वळल्या आणि तरातरा बाहेरच्या खोलीत आल्या. रागात माणूस जुन्या रस्त्याने चालतं. त्या रस्त्यावर आता वेताचं एक बैठं स्टूल होतं. पाय अडकला, पुढचं काथ्याचं जाजम सरकलं, आणि बाई गुडघ्यावर पडल्या.

सोन्या धावला. त्याने काखेत हात घालून आईला उठवलं, खुर्चीत बसवलं, आणि मग जे बोलायला नको होतं तेच नेमकं बोलला.

“बघितलंस? मी काय म्हणत होतो? तुला आता एकटीला जमत नाही, आई. बस झालं. चल आमच्याकडे.”

बाईंचा असा आवाज निघाला की वरच्या मजल्यावरचं माणूस दारात आलं असेल.

“मला जमत नाही? या घरात इतकी वर्षं मी एकदा तरी पडले का रे? तूच माझ्या वाटेत स्टूल ठेवायचं, तूच माझे कान बंद करायचे, आणि मी पडले की तूच सांगायचं की म्हातारीला जमत नाही? तुला हे हॉटेल हवं होतं तर तुझ्या घरात थाटायचंस! झाडं लाव, पोपट पाळ, कारंज्यात आंघोळ कर! माझ्या जिवावर कसली हौस भागवतोस?”

“आई, अगं तुझ्या आरामासाठी...”

“मला आराम नकोय! मला माझं घर हवंय. आत्ताच्या आत्ता सगळं होतं तसं लाव.”

सुनेने आधी जाऊन कारंज्याचं बटण बंद केलं. खळखळ थांबली आणि फ्रिजची घुरघुर ऐकू आली, पण उजवीकडून. सोन्याने टेबल उचललं. दोन पावलं सरकला आणि तिथेच थांबला.

“काय झालं?”

“हे... खिडकीपाशी होतं ना?”

बाईंना वाटलं, चेष्टा करतोय. मग कळलं की चेष्टा नव्हती. याच टेबलावर त्याने शाळेचा अभ्यास केला होता, कॉलेजचा केला होता, लग्नाच्या पत्रिका लिहिल्या होत्या. डोळे धडधाकट होते. आणि टेबल कुठे असायचं हे त्याला माहीत नव्हतं.

“कपाट?” त्यांनी विचारलं.

सोन्याची पावलं एकदा इकडे, एकदा तिकडे वाजली. बाईंना गुडघ्यापेक्षा ते जास्त लागलं.

“मला भीती वाटते गं,” तो एकदम म्हणाला. आवाज फाटला होता. “दुपारी फोन करतो. तू उचलेपर्यंत घंटा वाजत राहते आणि माझा जीव टांगणीला लागतो. समोर असशील तर...”

हे मात्र खरं होतं. बाईंना आयुष्यभर फोनवरचे आवाज ऐकून खरं-खोटं ओळखायची सवय होती. त्यांना पोराची दया आली, आणि राग तसूभरही कमी झाला नाही.

“घाबर,” त्या म्हणाल्या. “आई म्हातारी झाली की घाबरणारच. पण तुझ्या घरी बसून घाबर. त्यापायी माझं घर माझ्यापासून काढून घेऊ नकोस. मी नसताना शिरलास ती किल्ली दे इकडे. यापुढे बेल वाजवायची. मी उघडीन, वेळ लागला तरी.”

खिशात किल्ल्यांचा आवाज झाला. बराच वेळ तो एक किल्ली जुडग्यातून काढत राहिला.

“टेबलावर ठेवतो.”

“कुठल्या टेबलावर? ते कुठे आहे मला ठाऊक नाही. माझ्या हातात दे.”

त्याने त्यांच्या तळहातावर किल्ली ठेवली. बाईंनी मूठ मिटली, गुडघा चोळला आणि खुर्चीला धरून उठल्या.

“आता टेबलाचं ते टोक धर,” त्या म्हणाल्या, “आणि मी सांगेन तिकडे सरक.”