काळी पुरचुंडी आणि बाबांचा टॉर्च

"पेटली! पेटली!" असा गलका झाला आणि पापनाशमजवळच्या त्या नारळीच्या बागेतली सगळी गर्दी हात जोडून उभी राहिली. जोतीसामी मोरपिसांचा जुडगा कपाळाला टेकवून पाटावर बसले होते. समोर दहा हातांवर काळ्या फडक्यात बांधलेली तिळाची पुरचुंडी. सांब्राणी धुपाच्या धुरातून सामींच्या कपाळापासून तिच्यापर्यंत एक लाल रेघ गेली, पुरचुंडी धुमसली आणि भक्कन पेटली. काडी नाही, हात नाही!

शनिवारी काळ्या तिळाची पुरचुंडी जाळायची, ही आमच्या मुलखातली जुनी रीत. सामींनी तिला कपाळावरचा तिसरा डोळा जोडून दिला, एवढंच.

"मी कोण?" सामी माइकवर म्हणाले. "मी कोणी नाही. बघणारा तो. मी नुसती त्याची पापणी!"

पापणी म्हणे! पापणीला हातात सोन्याचं कडं कशाला लागतं, हे विचारायची तिथं सोय नव्हती.

मी विनुता. तंजावूरला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. ती रेघ बघताच मी ओळखलं, हा लेझर आहे. पण मी भांडायला आले नव्हते, आईला घरी न्यायला आले होते.

आईच्या साखरेनं डोळ्यांचा पडदा धरलाय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "लेझरनं उपचार करायला हवेत. उशीर केलात तर दिसतंय तेही जाईल." आईनं मान हलवली आणि शेजारच्या नागलक्ष्मीबाईंबरोबर इकडे यायला लागली.

"तिथंही उजेडच सोडतात ना डोळ्यात?" तिचा सवाल. "मग देवाचा उजेड काय वाईट?"

"आई, डॉक्टर आत तपासून, मोजून सोडतात."

"सामींना मोजायला लागत नाही. आणि आपला प्रणवेश असतो की तिथं. लबाडी असती तर माझा लेक मला सांगणार नाही?"

प्रणवेश माझा धाकटा भाऊ. लग्नाकार्यांत माइक आणि दिवे लावतो, हल्ली दर शनिवारी सामींकडेही. राजवाड्यामागच्या आमच्या गल्ल्यांत त्याच्यासारखा हुन्नरी दुसरा नाही. बाबांनी त्याला लहानपणीच हातात स्क्रूड्रायव्हर दिला होता. खरं सांगते, तो तिथं आहे म्हणून मलाही धीर वाटायचा.

त्या संध्याकाळी सामींनी आईला पुढे बोलावलं.

"आई, डोळे मोठे उघडा. पापणी मिटलीत तर देव माघारी जाईल!"

आईनं चष्मा काढून पदरात धरला. सामींनी जुडगा उचलला, पिसं जराशी फाकली आणि आत मला स्टीलचा टॉर्च दिसला. गळ्याशी पोचा आलेला. विहिरीतलं पाणी बघताना बाबांच्या हातून तो काठावर आपटला होता, तेव्हाचा पोचा. बाबांचा टॉर्च! "बटण बिघडलंय अक्का, दुरुस्त करतो," म्हणून प्रणवेशनं नेलेला.

मी माइकपाशी उभ्या प्रणवेशकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घालून माइकची बटणं फिरवायला लागला.

मी धावले आणि आईच्या पुढ्यात उभी राहिले.

"विनू, हो बाजूला!" आई ओरडली.

"होते. सामी, आधी माझी एक पुरचुंडी पेटवा." नागलक्ष्मीबाईंच्या पिशवीतले तीळ मी माझ्या पांढऱ्या हातरुमालात बांधले.

"शनीला पांढरं चालत नाही, अम्मा," सामी गोड हसले.

"शनीला नसेल चालत. पण तिसरा डोळा तर शंकराचा ना? त्यानं मदनाला जाळलं, तेव्हा मदन काय काळं नेसला होता?"

गर्दीत खसखस पिकली. मागून कोणीतरी म्हणालं, "पेटवा की सामी!"

लाल रेघ आली. रुमालावर ठिपका नाचला, थरथरला, पुन्हा नाचला. धुराचं नाव नाही.

"अविश्वासी माणूस मध्ये आहे! जोत रुसली!" सामी ओरडले.

"जोत कसली रुसते? रुमाल पांढरा आहे!" मी म्हणाले. "पांढरं उजेड परतवतं, काळं गिळतं आणि तापतं. उन्हात काळी छत्री तापत नाही?" मी सामींच्या पाटाशी रचलेल्या पुरचुंड्यांतली एक उचलून फाडली. तिळांत आगपेटीच्या काड्यांची गुलं खुडून घातली होती. मग पिसांतून टॉर्च ओढून काढला आणि त्याचं तोंड उघडलं. बल्बच्या जागी इवलंसं भिंग आणि त्यामागे, डीव्हीडीवर सिनेमे उतरवायच्या मोडक्या यंत्रातून काढलेला लेझर. "हा तुमचा तिसरा डोळा! कोणाच्या डोळ्यात गेला असता तर दृष्टी कायमची गेली असती."

"अय्यो! कोणी केलं हे?" नागलक्ष्मीबाईंनी विचारलं.

प्रणवेश स्वतःच पुढे आला.

"अक्का, पुरचुंडी पेटवण्यापुरतंच केलं होतं. डोळ्यात सोडतील असं मला सांगितलं नव्हतं."

"आणि आत्ता? आईला डोळे उघडा म्हणाले, ते तुझ्याच स्पीकरवर सगळ्या बागेनं ऐकलं. तू नाही ऐकलंस?"

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण मी मुलींना शिकवलीये. तेव्हा ती नुसती म्हण होती.

आई चाचपडत उठली. "विनू, डोळ्यातली बाहुली कुठल्या रंगाची असते?"

"काळी, आई."

ती प्रणवेशच्या दिशेनं वळली. "म्हणजे मीही तुझी पुरचुंडीच होते रे?"

सामी त्या गोंधळात मोटारीत बसून पसार झाले. त्यांचा राग आला आणि चार दिवसांत उतरलाही. परक्याचा राग उतरतो. भावाशी मी अजून बोलत नाही. वाईट वाटतं, तरीही.

सोमवारी आई माझा हात धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. किती उजेड सोडणार, कुठं, चुकलं तर काय होईल, सगळं विचारलं. डॉक्टरांनी सगळ्याची उत्तरं दिली, मगच ती खुर्चीत बसली.

तुम्हीही विचारा. प्रश्न विचारल्यावर रुसतो तो उजेड डोळ्यांत घेऊ नका. चमत्कार बघायला जाल तेव्हा तीळ आपले न्या, फडकं आपलं न्या. आणि माइकपाशी आपलाच माणूस उभा दिसला, तर त्याच्या भरवशावर डोळे उघडू नका. त्या दिवशी तर आधी तपासा.