डब्यात उरलेली माती

मी माती बोलतेय. शेतातली नव्हे, कुंभाराच्या चाकावरचीही नव्हे. एका बैठ्या घराच्या मागे, न्हाणीची भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये जेवढी जागा होती तेवढीच मी. आता तर तेवढीही उरले नाही. पत्र्याच्या एका डब्यात मावते आहे, आणि तो डबा जाड पिशवीत बांधून दाराशी ठेवला आहे. गाडी यायला अजून वेळ आहे, म्हणून बोलून घेते.

हे घर बॅटरीकाकांचं. गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. परसातल्या पत्र्याच्या शेडखाली बसून ते जुनी बॅटरी उघडत, निकामी प्लेटा काढत, शिसं लोखंडी पळीत वितळवत आणि साच्यात ओतत. बॅटरीच्या तळाशी साचलेला करडा गाळ धुऊन ते पाणी माझ्यावर सोडत.

"मातीत गेलं की संपलं," असं काका म्हणायचे.

मलाही तसंच वाटायचं. पालापाचोळा, साली, मेलेली पाखरं, काय काय मी पचवलं होतं. शिसं मात्र पचलं नाही. ते होतं तसंच माझ्यात बसून राहिलं आणि मला त्याचा पत्ताही लागला नाही.

शेडपासून दहा पावलांवर काकूंचं राज्य होतं. तिथे कागदी लिंबाचं झाड. काकू रोज भाजीची देठं, साली, चहाचा चोथा माझ्यात पुरत. वर्षानुवर्षं हे खाऊन मी अशी काळी, भुसभुशीत झाले की गल्लीतल्या बायका मला चिमटीत घेऊन बघत. कुणाकडे नवं रोप आलं की पहिली माती आमच्या परसातून न्यायची, अशी रीतच पडली.

"काकू, तुमच्या मातीत काठी खोचली तरी पानं फुटतील," शेजारच्या शिंपीणबाई म्हणायच्या.

"काहीतरीच बाई तुमचं," असं म्हणत काकू घमेलं शिगोशीग भरून द्यायच्या. त्या दिवशी त्यांची भाजी हमखास खारट व्हायची, इतक्या त्या खुशीत असत.

आणि मग चिंगी आली. थोरल्या लेकीची मुलगी. थोरली इथेच राहून नोकरीला जायची आणि चिंगी दिवसभर आजीपाशी, म्हणजे खरं तर माझ्यापाशी. पहिलं पाऊल तिने माझ्यावर टाकलं. पडली तीही माझ्यावरच. ती मला उकरायची, थापायची, मनात आलं की बोट तोंडात घालायची. "चिमूटभर मातीनं काय होतंय," काकू हसून म्हणायच्या. माझ्यावर इतका जीव आजवर कुणी लावला नव्हता. तिच्या ओल्या तळव्यांची मी सकाळपासून वाट बघत बसायची.

धाकटी लेक दूर शिकायला गेली होती. मातीचाच अभ्यास करून चार वर्षांनी परत आली. तिच्या लक्षात आलं, की चिंगीला तीन वर्षं होत आली तरी ती चार शब्द धड बोलत नाही, सारखं पोट धरून रडते. धाकटीने शेडकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. चार दिवसांनी ती शिसं मोजणारं, बंदुकीसारखं एक यंत्र घेऊन आली आणि ते जागोजागी माझ्या छातीला टेकवलं. आकडा शेडखालीच नाही, लिंबाखालीसुद्धा चढला.

"बाबा, ही माती काढावी लागेल. हातभर खोल."

"एवढं लांब जाऊन हे शिकलीस? बापाचं परस खणायला?"

"चिंगीचं रक्त तपासून घेऊ. मी चुकले असले तर पुन्हा या विषयावर तोंड उघडणार नाही."

"तसं झालं तर आधी माझंच रक्त तपासा. तू गप्प बसलेली मला सोसायचं नाही," थोरली म्हणाली, आणि सगळे हसले.

रिपोर्ट आला तेव्हा कुणी हसलं नाही. चिंगीच्या रक्तात शिसं होतं, आणि ते माझ्यातून गेलं होतं.

काका पायरीवर बसून आपले हात उलटेपालटे करून बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेडला कुलूप लावलं आणि घमेलं घेऊन गल्लीत निघाले. दारोदार एकच बोलणं, "आमची माती परत द्या."

"भांडण झालं का काही?" शिंपीणबाईंनी विचारलं. "दिलेलं कुणी असं परत मागतं का?"

"माझ्या शिशानं नासलीय ती. तुमच्या नातवंडांच्या हाताला लागेल." एवढं बोलून काका मान खाली घालून उभे राहिले. शिंपीणबाई आत गेल्या आणि एकेक कुंडी बाहेर आणू लागल्या. त्या दिवसांत मी तुकड्यातुकड्यांनी घरी परतले. असं घरी येणं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

मग नगरपालिकेची माणसं आली, तोंडाला मास्क, पायांत गमबूट. धूळ उडू नये म्हणून त्यांनी आधी मला भिजवलं. मग हातभर खोल खणून ताडपत्री अंथरलेल्या गाडीत भरलं. लिंबाची मुळं माझ्यात दूरवर गेली होती, म्हणून झाडही तोडावं लागलं. खड्ड्यात, इथून खाली खणू नये याची खूण म्हणून, नारंगी कापड अंथरलं, वर नवी तांबूस माती टाकली. काकू न्हाणीच्या दाराशी उभ्या राहून बघत होत्या.

पण ती माणसं यायच्या आधी काकूंनी एक गोष्ट केली होती. लिंबाखाली आपसूक उगवलेलं त्याचंच बोटभर रोप त्यांनी मुळाशी असलेल्या मातीसकट डब्यात घेतलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत बरण्यांमागे ठेवलं. "तू तेवढी राहा गं," त्या मला म्हणाल्या.

ती डब्यातली मी. मी राहिले. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

खिडकीतून मला परस दिसायचं. चिंगी नव्या मातीवर जायची ती चपला घालून, दोन मिनिटं उभी राहून परत यायची. मला वाटायचं, ही मला शोधतेय. आणि एका दुपारी तिने स्टूल ओढलं. बरण्यांमधून एक बोट आत आलं. मी ते लगेच ओळखलं. मला शहारून आलं. बोट रुतलं, निघालं, तोंडात गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी दुपारची वाट बघू लागले.

माती काढल्यानंतरच्या पहिल्या तपासणीत चिंगीच्या रक्तातलं शिसं उतरलं होतं. पुढच्या वेळी ते पुन्हा चढलं.

धाकटीने नळ तपासला, भिंतींचा रंग तपासला, भांडी, खेळणी, काकांच्या कामाच्या कपड्यांची पेटी. कुठेच काही सापडेना. तेव्हा काका म्हणाले, "माझ्या हातांतच मुरलं असणार. मी भावाकडे जाऊन राहतो." त्यांनी पिशवी भरायला घेतली. चिंगी गुडघ्याला बिलगली तर हात वर धरून उभे राहिले, तिला लागू नयेत म्हणून.

त्या वेळी मला तोंड असतं तर मी ओरडले असते. "त्यांचे हात नाहीत गं, मी आहे."

काकूंनी चिंगीला उचलून घेतलं. तिच्या एका नखात काळी रेघ होती. परसातली माती तर तांबूस. काकू त्या नखाकडे बघत राहिल्या, मग हळूच खिडकीपाशी गेल्या आणि बरण्या बाजूला करून डबा सगळ्यांसमोर ठेवला.

"पिशवी ठेवा खाली," त्या काकांना म्हणाल्या. "तुमच्या हातांत नाही. मी ठेवली होती ही."

धाकटीने यंत्र टेकवलं, आकडा वाचला आणि आईच्या शेजारी जमिनीवर बसली. "रोप वाचेल आई," ती म्हणाली. "मुळं धुऊन नव्या मातीत लावू. पण ही जायला हवी."

काकूंनीच मुळं धुतली, तान्ह्या पोराचे केस धुवावेत तशी. ते पाणीसुद्धा मोरीत न सोडता कॅनमध्ये भरून माझ्याशेजारी ठेवलं आहे.

आता मला दूर नेऊन खोल पुरतील, वर चिकणमातीचा जाड थर घालतील. तिथे कुणी अनवाणी येणार नाही. यायला नकोच. तरी वाट बघणं काही सुटणार नाही माझं.

तुम्हाला एवढंच सांगते, आपल्या अंगणातली माती एकदा तपासून घ्या. माणसाला बरं वाटलं तर तो बोलतो, दुखलं तर कण्हतो. माझं तसं नाही. ज्या हाताने मला कुरवाळलं त्यालाच मी विष दिलं, आणि वरून काळीभोर दिसत राहिले.

फाटकाशी गाडी थांबली. काका हातमोजे घालताहेत. मला तेच उचलणार आहेत.

परसातल्या नव्या माती, ऐक. काकूंच्या साली आजपासून तुझ्या. लिंबाचं रोप न्हाणीच्या भिंतीशी लावलंय, सांभाळ. चिंगी अजून तुझ्यावर चपला घालून येते. एक दिवस काढेल. आधी उजव्या अंगठ्याने उकरून बघेल, ती तशीच करते. तेव्हा तू थोडी मऊ हो.