क्षमावाणीनंतरचा शनिवार

नळ दोनदा खाकरला आणि घरातली शांतता मोडली. सोनल केव्हाची जागीच होती. तिनं घागर सरकवली, झोपलेल्या निशाचं पांघरूण सारखं केलं. आज पोरीला न्हाऊ घालून बेळगावला न्यायचं होतं, तुरुंगात, बापाला भेटायला.

पाच वर्षांपूर्वी नदीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण पेटलं आणि तिच्या नवऱ्यानं, रायगोंडानं, भावकीतल्या अभिनंदनला खोऱ्याचा दांडा हाणला. अभिनंदन गेला. रायगोंडाला जन्मठेप झाली, तेव्हा निशा नुकती पाऊल टाकायला लागली होती.

तुरुंगात दर शनिवारी पारमिता मॅडम यायच्या. कैद्यांना गोल बसवून ज्याचा त्याला गुन्हा स्वतःच्या तोंडानं सांगायला लावायच्या. ज्यांचं माणूस गेलं त्या घरची तयारी असली, तर त्यांची गाठही घालून द्यायच्या. रायगोंडानं महिन्याभराच्या पॅरोलचा अर्ज केला होता. अभिनंदनच्या आईची, पद्माक्काची, हरकत नसली तर तो घरी येण्याची आशा होती.

आणि यंदा क्षमावाणीला आक्रीत घडलं. त्या दिवशी बस्तीत, जैन मंदिरात, जो तो एकमेकांना हात जोडतो, वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतो. इतकी वर्षं सोनल दिसली की वाट बदलणारी पद्माक्का समोर थांबली. हात जोडून "उत्तम क्षमा" म्हणाली. निशाच्या डोक्यावरनं हात फिरवला. सोनलला घरी जाईपर्यंत दम धरवला नाही. वाटेतच तुरुंगातून फोन आला तेव्हा ती रडतच म्हणाली, "अवो, आक्कानं क्षमा केली तुम्हाला."

त्या एका वाक्यावर रायगोंडा भेटीला तयार झाला. पद्माक्काही 'येते' म्हणाली.

आज तुरुंगाच्या हापिसामागच्या खोलीत रायगोंडा, सोनल, पद्माक्का आणि मॅडम, अशी चौघं बसली. निशाला बाहेर शिपाईणबाईंनी बिस्किटं देऊन रमवलं होतं.

"मला दुसरं काय बी नको," पद्माक्का म्हणाली. "एवढंच सांग रायगोंडा, माझं लेकरू शेवटाला काय बोललं?"

जागीच गेला, असंच आजवर सगळे म्हणत आले होते. रायगोंडानं सोनलकडं बघितलं. तिनं मान हलवली. बोला की, आता कसली भीती?

"लगीच न्हाय गेला, आक्का." तो म्हणाला. "माझा पाय धरला त्येनं. 'अण्णा, मला आईकडं पोचीव' म्हणाला. मी पाय सोडवून घेतला. बांधाआड जाऊन बसलो. हाका मारत हुता. आवाज बंद हुईस्तोवर बसलो."

पद्माक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. सोडवून पुन्हा गुंडाळत राहिली.

"मी म्हणायची, कळलंबी नसंल त्येला," ती म्हणाली. "तेवढ्यावर भाकरी गिळत हुते रं मी."

"आई, घाई नको," पारमिता मॅडम हळूच म्हणाल्या. "वेळ घ्या."

"कशाला वेळ? लिवा मॅडम. माझी हरकत हाय."

सोनल खुर्चीवरून उठलीच. "आक्का, आवो तुम्ही क्षमा केलीसा न्हवं? बस्तीत? माझ्याम्होरं हात जोडलासा…"

"त्या दिवशी मुंगीलाबी हात जोडतो आपण." पद्माक्काच्या बोलण्यात राग नव्हता, तेच सोनलला जास्त लागलं. "तूबी जैनाचीच लेक. ह्ये तुला मी सांगायचं व्हय?"

खरंच, तिला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. पण तिला त्या जोडलेल्या हातांत दुसरंच काही हवं होतं.

"तू तर म्हणालतीस…" रायगोंडा तिला म्हणाला, आणि पुढं बोललाच नाही. शिपाई त्याला आत घेऊन गेला. जाताना त्याचं निशाला बघायचंही राहिलं.

गावाकडं परतताना निपाणीच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. सोनलनं लेकीला मांडीवर घट्ट धरलं, तिच्या केसांत तोंड खुपसलं. पॅरोल तर गेलाच. पण तिनंच मान हलवली होती. एका आईला पाच वर्षं पुरलेला आधार तिच्या एका मानेनं गेला होता. आता रात्री पद्माक्काला त्या हाका ऐकू येणार. तिला स्वतःलाही.

निशा खिडकीबाहेर बघत होती. मग मान वळवून म्हणाली, "आई, पद्माआज्जी बाहेर आली तवा मी हात जोडलं. तिनं बघितलं, आन् तशीच गेली. मग आता बस्तीत दिसली, तर मी हात जोडू का नको?"